भाव लिलावाचा, सेवा बलुत्याची

स्वतंत्र वेब डिझायनर, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या पगारपत्रकावर नसलेला आणि म्हणूनच गावातल्या प्रत्येकाला आपल्या हक्काचा वाटणारा संकेतस्थळ-रचनाकार, स्वतःच्या कामाची किंमत कशी ठरवतो या विषयावर जगभर बरेच लेखन झाले आहे. परंतु त्या लेखनात गृहीत धरलेला ग्राहक हा प्रश्न विचारल्यानंतर उत्तराची वाट पाहणारा असतो, आणि तेवढ्या एकाच कारणाने ते सारे लेखन केदारखेड्यात निरुपयोगी ठरते. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले, राजूरहून भोकरदनकडे जाताना लागणारे हे गाव येथे विवेचनासाठी घेतले आहे, याचे कारण असे की एका बाजूला बियाण्यांचे आणि लोखंडाचे जालना, दुसऱ्या बाजूला तालुक्याचे ठिकाण आणि मध्ये दोन सिमकार्डे बाळगणारा शेतकरी-दुकानदार, अशा परिस्थितीत किंमतनिश्चितीचे शास्त्र आपल्या सर्व दुर्गुणांसह उघडे पडते.

या शास्त्राचा आरंभ एका ठरावीक संवादाने होतो. “वेबसाइटला किती लागतात?” असे ग्राहक विचारतो, “कशी पाहिजे त्यावर आहे,” असे डिझायनर सांगतो, “चांगली पाहिजे,” असे ग्राहक स्पष्ट करतो, आणि आपण कामाचा संपूर्ण तपशील दिला आहे अशा समाधानाने चहा मागवतो. यापुढे डिझायनरने शहरातल्या व्यवसायबंधूंकडून शिकून आलेली दर-आकारणीची पद्धत मांडावी, अशी अपेक्षा असते. त्यांतली पहिली पद्धत तासाच्या दराची, म्हणजे कामाला जितका वेळ लागेल तितके पैसे घेण्याची होय. तासाचा दर ही कल्पना खेड्याला परकी आहे, हा शहरी गैरसमज असून, खेड्याला ती फार नेमकेपणाने ठाऊक आहे आणि तीच अडचण आहे. “तासाचे पैसे जेसीबीला असतात,” ग्राहक म्हणतो, “अन् तो तासात विहिरीचा गाळ काढतो. तू काय काढतो?” या प्रश्नाचे तर्कशुद्ध उत्तर अद्याप कोणत्याही डिझायनरला सुचलेले नाही.

दुसरी पद्धत पानावर आधारित दराची. संकेतस्थळाचे पान म्हणजे पडद्यावर एका वेळी उघडणारा, वरून खाली सरकवता येणारा मजकुराचा भाग, तो किती लांब असावा याला तांत्रिक मर्यादा अशी नाही, हे डिझायनर भाबडेपणाने सांगून बसतो आणि ग्राहक तत्काळ निर्णय देतो, “मग एकच पान करा, पण लांब करा.” तिसरी पद्धत संपूर्ण कामाची एकरकमी किंमत सांगण्याची असून तीच सर्वत्र रूढ आहे, ती ठरवताना डिझायनर कामाच्या व्याप्तीचा, वापरायच्या तंत्राचा आणि देखभालीचा विचार करतो असे कोटेशनमध्ये लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात तो दुकानापुढे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहत असतो. चारचाकी असेल तर मनात पंचवीस हजार येतात, गाडी धुतलेली असेल तर तीस. हा मनातला आकडा घशापर्यंत येता येता अठरा होतो, “काका, तुमच्यासाठी” या शब्दांबरोबर ओठांतून पंधरा बाहेर पडतो, आणि ग्राहकाच्या कानात तो दहा म्हणून शिरतो. ग्राहक यावर काहीच बोलत नाही. या मौनाने घायाळ झालेला डिझायनर, कोणी मागितलेले नसताना, “बघू, कमी-जास्त करू” असे आपण होऊन म्हणतो, आणि आठ हजारांवर सौदा ठरल्यानंतर घरी जाऊन आईला सांगतो की मोठे काम मिळाले.

ग्राहक हा मुळातच कंजूष असतो, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. त्याचे सारे आर्थिक शिक्षण ज्या शाळेत झाले ती शाळा म्हणजे बाजार समितीचे आवार होय. कपाशी असो, सोयाबीन असो की भोकरदन तालुक्यातल्याच पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात नेलेली हिरवी मिरची असो, तिथे माल आणणारा भाव सांगत नाही. घेणारा बोलतो आणि आणणारा ऐकतो. पूर्वी तर रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ नावाची रीत होती, म्हणजे विकणाऱ्याला स्वतःच्या मालाची किंमत ऐकू येण्याचीही सोय नव्हती. पुढे बाजार समित्यांच्या 1963 च्या राज्य कायद्याने उघड लिलावाला अधिष्ठान दिले, पण आकडा उच्चारण्याचा अधिकार घेणाऱ्याकडेच राहिला. त्यातून मग हमाली, तोलाई, ओलावा, काडीकचरा अशा कपाती होतात. हे सारे आयुष्यभर निमूट सोसलेला माणूस, जन्मात प्रथमच, घेणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो, समोर लॅपटॉप घेतलेला पोरगा माल घेऊन आलेला असतो, आणि इतक्या वर्षांत मनात साठलेला अडत्या जागा होतो. “रंग जरा फिका वाटतो,” तो पहिल्या नमुन्याकडे पाहून म्हणतो. ही रंगसंगतीवरची टीका आहे असे समजून डिझायनर रात्रभर निळ्याच्या अकरा छटा करून पाहतो. वास्तविक तो ओलावा धरून क्विंटलमागे दोन किलो कापलेले असतात.

लिलावाची ही रीत एवढ्यावरच थांबली असती तर तिच्याशी जमवून घेता आले असते, कारण लिलावात निदान माल एकदा तोलला की संबंध संपतो. परंतु गावाला किमतीची आणखी एक, याहून जुनी व्यवस्था ठाऊक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात जिचे तपशीलवार वर्णन केले, ती बलुत्याची व्यवस्था म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशा कारागिरांनी वर्षभर पडेल ते काम करावे, कामागणिक पैसे मागू नयेत, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य घ्यावे, अशी होती. औताचा फाळ मोडला तर लोहाराने कोटेशन दिल्याचे आत्र्यांच्या ग्रंथात आढळत नाही. आता ही व्यवस्था मोडली, खळी गेली, मळणीयंत्रे आली. पण गावाच्या मनातला बलुतेदार जिवंत आहे, फक्त त्याच्या हातातली हत्यारे बदलली आहेत. त्यामुळे डिझायनरचा भाव लिलावाच्या नियमाने ठरतो आणि सेवा बलुत्याच्या नियमाने घेतली जाते, म्हणजे दोन्ही व्यवस्थांतला ग्राहकाच्या सोयीचा तेवढा भाग उचलला जातो आणि खळ्यावरच्या धान्याचा उल्लेख कोणी करत नाही.

बलुत्याच्या नियमाने येणाऱ्या कामांची जात पाहण्यासारखी आहे. संकेतस्थळ करणारा तो संगणकवाला, आणि संगणकवाला तो विजेवर चालणाऱ्या सर्व वस्तूंचा वैद्य, या न्यायाने त्याच्याकडे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, पीकविम्याचा अर्ज, लग्नपत्रिकेची पीडीएफ, मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म आणि टीव्हीच्या रिमोटचा सेल ही कामे येतात. या प्रकाराला व्यवसायाच्या परिभाषेत व्याप्तीविस्तार म्हणतात, म्हणजे ठरलेल्या कामाच्या कडेने न ठरलेले काम वाढत जाणे; केदारखेड्यात त्याला “आलाच आहेस तर” असे म्हणतात. कायदा येथे डिझायनरच्या बाजूने उभा आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 70 नुसार, एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काम केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर करार झालेला नसतानाही मोबदला देणे लाभ घेणाऱ्यावर बंधनकारक असते. पण या उत्तम कलमातला सगळा जीव ‘फुकट करण्याचा हेतू न ठेवता’ या अटीत आहे, आणि “किती झाले?” असे ग्राहकाने खिशाकडे हात नेत विचारताच “राहू द्या हो, त्याचं काय घ्यायचं” असे म्हणून आपल्या हेतूचा पुरावा डिझायनर स्वतःच, साक्षीदारांसमक्ष, देऊन टाकतो.

भोकरदनच्या कारागिराची स्थिती नेहमीच अशी होती, असे मात्र नाही. प्राचीन काळी भोगवर्धन म्हणून ओळखले जाणारे हे नगर सांची आणि भारहुतच्या दानलेखांत आढळते. इटलीतल्या पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या, म्हणजे इ. स. 79 च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्तीशी जुळणारी मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली, आणि त्यावरून काही अभ्यासकांनी पाँपेईच्या मूर्तीचे मूळ याच परिसरात शोधले. ते खरे असेल तर तालुक्याला परदेशी ग्राहक सांभाळण्याचा दोन हजार वर्षांचा अनुभव आहे असे म्हणावे लागेल. त्या काळच्या कारागिराचे भाग्य असे, की “दागिने जरा मोठे करा” हा निरोप मोसमी वाऱ्याची वाट पाहत गलबतातून येईपर्यंत एक पावसाळा सहज निघून जाई, आणि तोवर पाँपेईच्या त्या ग्राहकाची आणखी मोठी अडचण झालेली असे. आजचा निरोप रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येतो, त्यामागून दोन निळ्या खुणा उमटतात, आणि वाचूनही उत्तर दिले नाही म्हणून सकाळी सहाला फोन येतो.

सौदा ठरल्यानंतर ॲडव्हान्सचा, म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी घ्यायच्या रकमेचा, विधी असतो. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे पैसे पाठवणे क्षणाचे काम झाले, असे सर्वत्र मानले जाते. ग्राहक प्रथम एक रुपया पाठवतो. “आला का बघा,” तो विचारतो. आलेला असतो. “मग झालं तर, नंबर बरोबर आहे,” असे म्हणून तो फोन खिशात ठेवतो, आणि उरलेले तीन हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये नंबर बरोबर असल्याच्या भक्कम पायावर पुढले कित्येक आठवडे उभे राहतात.

यानंतर मजकुराचा प्रश्न येतो. मजकूर ग्राहकाने द्यायचा असतो आणि तो “उद्या” मिळणार असतो. बऱ्याच उद्यांनंतर तो मिळतो तेव्हा त्याचा काही भाग लेटरहेडच्या तिरक्या छायाचित्रात, काही भाग मोटारसायकलवरून बोललेल्या ध्वनिसंदेशात, आणि उरलेला भाग भोकरदनच्या डीटीपीवाल्याने फ्लेक्ससाठी टाइप केलेल्या फायलीत असतो. ही फाइल जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये असते. या फाँटांत देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्याने, तो फाँट नसलेल्या यंत्रावर ‘प्रोप्रायटर’ या शब्दाच्या जागी दोन कंस, एक टक्क्याचे चिन्ह आणि काही इंग्रजी अक्षरे दिसतात. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरी 1991 पासून आहे, ही गोष्ट डीटीपीवाल्याला सांगून उपयोग नसतो, कारण त्याच्याकडे छापून निघते. तेव्हा डिझायनर सगळा मजकूर पुन्हा टाइप करतो आणि त्यात शुद्धलेखन सुधारतो, हा त्याचा अपराध ठरतो. “‘शेतकर्यांचे’ असंच राहू द्या,” ग्राहक बजावतो, “पाटीवर तसं आहे. लोक म्हणतील दुकान बदललं.”

मजकुरापेक्षाही नाजूक विषय छायाचित्रांचा आहे आणि तिथे थोडे थांबणे भाग आहे. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर संकेतस्थळाचे जे चित्र असते ते इंटरनेटवरून नव्हे, तर चौकातल्या फ्लेक्सवरून आलेले असते, आणि फ्लेक्सचे दंडक पक्के आहेत. सर्वांत वर राजूरचा गणपती, त्याखाली दिवंगत आजोबा, मग दोन्ही बाजूंना समान उंचीवर दोन वेगवेगळ्या पक्षांचे दोन नेते (कारण कृषी सेवा केंद्राला सगळीच गिऱ्हाइके लागतात), मग काका, भाऊ, भाचे आणि ‘समस्त मित्रमंडळ’. या सर्वांमधून जागा उरलीच तर खते व बियाणे. डिझायनर मोकळ्या जागेचे महत्त्व सांगू पाहतो. पानावर काही भाग मुद्दाम रिकामा ठेवला की नजर मुख्य गोष्टीवर जाते, हा त्याच्या कलेचा पहिला धडा असतो. “रिकामी आहे ना जागा?” ग्राहक खात्री करून घेतो, “मग तिथं मामांना घ्या.”

मामांना घेतले जाते, मोठ्या पडद्यावर सारे जुळून येते, आणि खरे संकट त्यानंतर कोसळते. एथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरने 2010 साली एक संकल्पना मांडली, जिला प्रतिसादी रचना म्हणता येईल: पान ज्या पडद्यावर उघडेल त्याच्या रुंदीनुसार त्याची मांडणी आपोआप बदलावी, म्हणजे संगणकावर शेजारी-शेजारी असलेले चौकोन मोबाइलवर एकाखाली एक यावेत. जगभरातल्या डिझायनरांनी ही कल्पना आनंदाने स्वीकारली, कारण त्यांपैकी कोणाचेही काका केदारखेड्यात नव्हते. संगणकावर समान उंचीवर असलेले दोन नेते मोबाइलवर एक वर आणि एक खाली होतात. आजोबा गणपतीपासून दुरावतात. आणि थोरले काका, जे ओळीत उजवीकडे होते, ते धाकट्या पुतण्याच्या खाली, जवळजवळ पानाच्या तळाशी, फवारणी पंपाच्या शेजारी जाऊन बसतात. गावात संगणक चार आणि मोबाइल घराघरात, त्यामुळे हा बदल दुपारपर्यंत सर्वांना कळतो. “आम्हाला पंपाखाली घातलं,” असे थोरले काका म्हणाल्याचे समजते. यावर शेवटी जो तोडगा निघतो तो रचनाशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही: छायाचित्रे दर पाच सेकंदांनी आळीपाळीने वर येतात, आणि प्रत्येक पाहुणा आपली पाळी येईपर्यंत फोन हातात धरून बसतो. काहींना पाच सेकंद कमी वाटतात.

येथवरच्या विवेचनात डिझायनर हा निष्पाप बळी म्हणून आला असेल तर ती विवेचकाची सहानुभूती समजावी. वस्तुस्थिती इतकी सोज्ज्वळ नाही. ‘तुमच्या व्यवसायासाठी खास घडवलेली रचना’ असे कोटेशनमध्ये लिहिणारा हा कलावंत प्रत्यक्षात एक तयार साचा वापरतो, ज्याला थीम म्हणतात. तो त्याने एकदाच मिळवलेला असतो आणि कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय व इंग्रजी शाळा या तिन्ही ठिकाणी केवळ रंग बदलून बसवलेला असतो. घाईत एखादे वाक्य बदलायचे राहते, आणि मंगल कार्यालयाच्या पानावर ‘आमच्याकडे उगवणशक्तीची खात्री’ असे झळकते. मालकाला हे वाक्य फार आवडते, वधूपित्यांनाही त्यात काही वावगे दिसत नाही, आणि पुढे ते काढू दिले जात नाही. मजकूर मिळेपर्यंत जागा भरण्यासाठी वापरला जाणारा ‘लोरेम इप्सम’ हा लॅटिन शब्दसमूहही असाच मागे राहतो. सिसेरो या रोमन विचारवंताच्या इ. स. पू. 45 मधील, सुख आणि वेदना यांची चर्चा करणाऱ्या ग्रंथाची मोडतोड होऊन तो बनला आहे. “हे इंग्रजी भारी वाटतं,” शाळेचे संस्थाचालक म्हणतात, “आपल्या सरांनाही लागलं नाही.” आणि सिसेरो केदारखेड्याच्या परिसरात मुख्याध्यापकांचे मनोगत म्हणून कायम होतो.

हाच डिझायनर रात्री परदेशी कामे घेतो तेव्हा वेगळाच मनुष्य असतो. तिथे तो तासाचा दर डॉलरमध्ये लिहितो, दोनपेक्षा जास्त बदलांना वेगळे पैसे पडतील असे बजावतो, आणि रक्कम आधी मध्यस्थ कंपनीकडे जमा झाल्याखेरीज कामाला हात लावत नाही. सकाळी किराणा आणायला गेल्यावर मात्र दुकानदाराने नुसते “अरे, ते आपलं—” एवढे म्हटले, तरी वाक्य पूर्ण होण्यापूर्वी तो “करून टाकतो” म्हणतो.

संकेतस्थळ एकदाचे सुरू होते, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत ‘लाईव्ह जाते’, तेव्हा अपेक्षांचा दुसरा अध्याय सुरू होतो. दुकानात बसून गुगलवर ‘कृषी सेवा केंद्र’ शोधले की आपलेच दुकान पहिले येते, हे पाहून ग्राहक प्रसन्न होतो. शोधणारा जिथे बसला आहे त्या ठिकाणाजवळचे निकाल गुगल आधी दाखवते, हे डिझायनर त्या मंगल क्षणी सांगत नाही. दोन दिवसांनी जालन्याचा मेहुणा फोन करतो, “दाजी, मला तर दुसरीच वीस दुकानं दिसायली,” आणि राहिलेल्या रकमेचा विषय पुन्हा लांबणीवर पडतो. वर्षाच्या शेवटी डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदणीकृत नावाचे, नूतनीकरण येते तेव्हा तर न्यायशास्त्रच पणाला लागते. “विकत घेतलं होतं ना? सातबारा कोणाच्या नावावर आहे?” “काका, ते वर्षाच्या पट्ट्यानं असतं.” “पट्ट्यानं? मग दहा वर्षं आपणच कसलं तर नावावर होईल की.” मराठवाड्याला लागू असलेल्या 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याचा हा आधार इंटरनेटच्या जागतिक नियामकांपुढे अद्याप कोणी मांडलेला नाही, पण ती केवळ वेळेची बाब वाटते.

उरलेली रक्कम देण्यास ग्राहकाचा नकार कधीच नसतो. ती कपाशी विकली की मिळणार असते, मग मोसंबीचा आंबिया बहर निघाला की, मग मृग बहर, मग लग्नसराई आटोपली की. पिकांचे इतके सूक्ष्म ज्ञान डिझायनरला कृषी विद्यापीठातही मिळाले नसते. मध्यंतरी कधीतरी पोतेभर मोसंबी घरी येतात. हे राहिलेल्या पैशांऐवजी की शिवाय, असे विचारण्याचा धीर होत नाही, आणि मोसंबी गोड असतात.

यातून काही शिकून डिझायनर दर वाढवायचे ठरवतो तोच त्या समाधानी ग्राहकाचा फोन येतो, “तुझ्यासाठी गिऱ्हाईक आणलंय. त्यांना पाच हजार सांगितलेत.” नवे गृहस्थ दुकानात बसलेले असतात, त्यांनी जुने संकेतस्थळ मोबाइलवर पाहिलेले असते, आणि त्यांची मागणी विलक्षण सरळ असते: “नवीन काही करू नका. हेच आहे तसं आमच्या नावावर करा. नुसती पाटी बदलायची.” आयुष्यभर तेच करत आलेल्या डिझायनरला तोंडदेखला संताप आणणेही जमत नाही, तो चक्क पाच हजार म्हणतो, गृहस्थ घासाघीस न करता मान डोलावतात, आणि फोटो काढून टाकतो असे डिझायनर म्हणताच ते पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवतात.

“सगळे काढा,” ते म्हणतात, “पण हे पंपाखालचे काका राहू द्या. ते आमचे व्याही लागतात.”